एक्केचाळिसावं पान आणि काकूंची फळी

आमच्या वाडीच्या हस्तलिखितातलं एक्केचाळिसावं पान मी कापलं. भर दुपारी, दाढीच्या ब्लेडनं, पट्टी लावून. हे मी आपणहून आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईवडील गेले ते हे माहीत नसतानाच. बायकोला अजून ठाऊक नाही, हे वाचेल तेव्हा कळेल. एका बाईंना ठाऊक होतं, पण त्यांनाही मी सांगितलेलं नव्हतं. त्यांना ते कसं कळलं होतं आणि क्लाउडवरच्या एका सेटिंगमुळे ते बाहेर कसं आलं, तेवढंच इथे लिहितो.

गिरगावातली आमची वाडी तीन मजल्यांची, मधे फरसबंद चौक. दर वर्षी वाडीचा सत्यनारायण आणि त्या दिवशी हस्तलिखिताचं प्रकाशन. हस्तलिखिताची प्रत एकच. वाडीकरांनी वहीच्या कागदांवर, कॅलेंडरच्या मागे, मिळेल त्यावर लिहून दिलेला मजकूर दुसऱ्या मजल्यावरचे एक काका आपल्या सुबक अक्षरात उतरवून काढायचे. ते पोस्टात कारकून होते आणि वर्षाची अर्धी रजा त्यांनी या कामासाठी राखून ठेवलेली असायची. पूजेच्या संध्याकाळी चौकात वाचन. ज्याचं लेखन त्यानं उभं राहून वाचायचं. मग वर्षभर तो अंक मंडळाच्या खोलीतल्या कपाटात.

कपाटाची किल्ली खोली नंबर चारमध्ये असायची. तिथे एक काकू राहायच्या. जिन्याशेजारची खोली, त्यामुळे कामाला जाणारं प्रत्येक घर आपली किल्ली जाताजाता त्यांच्याकडे टाकून जायचं. दाराच्या आत डाव्या हाताला खिळे ठोकलेली एक फळी होती आणि त्या खिळ्यांवर वाडीतली तेवीस घरं लटकत असत. किल्ली कोणाला द्यायची हे प्रत्येक घरानं काकूंना सांगून ठेवलेलं असे. काकू चौथी शिकलेल्या. यादी कुठेही लिहिलेली नव्हती, आणि ती कधी चुकली नाही. "नाव सांगून ठेवलंय का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एका घरानं "मुलगी येईल, तिला द्या" असं सांगितलं होतं आणि आला जावई. मुलगी स्टेशनवरून मागाहून येत होती. काकूंनी जावयाला पाट दिला, दोन वेळा चहा दिला, पोहे दिले. किल्ली दिली नाही. जावई पुढे कैक वर्षं हे हसत सांगायचा, पण त्या दिवशी हसला नव्हता.

मला मात्र काकू काही विचारत नसत. मी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला, त्यांचं रॉकेल आणून देणारा. माझ्यासाठी यादीच नव्हती.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी हस्तलिखितात एक कविता दिली. टोपणनावानं. कविता तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीवर होती. नाव घातलं नव्हतं, पण कठड्यावर वाळत घातलेली निळी ओढणी आणि हार्मोनियमचा क्लास एवढं आलं होतं. टोपणनावाची कविता अक्षरवाले काका वाचून टाकतील आणि मी चौकात मागे उभा राहून ती ऐकेन, असा माझा हिशेब. पूजेच्या आदल्या दिवशी मंडळाच्या चिटणीसांनी चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं : 'यंदा टोपणनाववाल्यांनीही उभं राहायचं आहे. लपवाछपवी बंद.' त्या वर्षी पूजेला बसणारे यजमान म्हणजे त्या मुलीचे वडील.

त्याच दुपारी अडीचला पुरुष कामावर, बायका आडव्या झालेल्या. मी खोली नंबर चारच्या दारात गेलो. "काकू, कपाटाची किल्ली द्या. सजावटीचे कागद काढायचेत." ही किल्ली फक्त चिटणीसांना आणि अक्षरवाल्या काकांना द्यायची असा नियम होता. काकू तांदूळ निवडत होत्या. ताटावरून मान न उचलता म्हणाल्या, "घे रे फळीवरची. शेवटचा खिळा."

पान सुटं झाल्यावर मी ते उलटून पाहिलं. आधी पाहायला हवं होतं. पानाला दोन बाजू असतात हे एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या क्षणी सुचलं नाही. मागे बेचाळीस नंबरावर मथळा होता : 'किल्ल्या'. खाली काकूंचं नाव. अक्षरवाल्या काकांनी त्यांना महिनाभर मागे लागून लिहायला लावलं होतं, आणि त्यांनी आयुष्यात लिहिलेलं हे एकच. खळ आणून चिकटवता आलं असतं. पण जिन्यावर चपला वाजल्या आणि मी पान शर्टात सरकवलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा भाऊ कोकणातून मुद्दाम आला होता. काकू नवं लुगडं नेसल्या होत्या. अनुक्रमणिकेत 'किल्ल्या' होतं, आत नव्हतं. त्याच पानावरची टोपणनावाची कविताही गेली होती, पण तिची चौकशी कोणी केली नाही. चिटणीसांनी दोनदा पानं उलटली. मग कोणीतरी म्हणालं, "काकूंनी लाजून काढून टाकलं असणार. किल्ली त्यांच्याकडेच." चौक हसला. वाईट मनानं कोणी हसलं नाही, उलट कौतुकानंच. काकूंनी अंक मांडीवर घेतला, शिवणीपाशी उरलेल्या कापाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "असेल. लाजलेच असेन."

आठवड्यानं कपाटाची किल्ली चिटणीसांच्या घरी गेली. "उगाच तुम्हाला त्रास कशाला, काकू," असं गोड बोलून. फळीवरचा शेवटचा खिळा रिकामा राहिला. त्यानंतर मी रोज त्या दारावरून गेलो, नोकरी लागली, लग्न झालं, वाडी सोडली. पान माझ्याकडेच होतं. फेकवलं नाही आणि परतही करवलं नाही.

आता आताचं सांगतो.

वाडी पुनर्विकासाला गेली. वाडीकर डोंबिवली, विरार, बदलापूर असे पांगले. काकू परळला लेकीकडे, गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर. माझं ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर. माझं काम कंपनीचे सर्व्हर सांभाळायचं. तेव्हाचे चिटणीस आजही चिटणीस आहेत. ते मला म्हणाले, "सगळी हस्तलिखितं स्कॅन करून घेतलीयत. ती अशी टाक की माणूस कुठेही असो, घरबसल्या पान उलटता आलं पाहिजे." एका वाडीकराच्या मुलीनं पान उलटण्याचं सुरेख वेब अ‍ॅप बनवून दिलं. पानं ठेवायची क्लाउडवरची जागा माझ्याकडे. या जागेला आमच्या धंद्यात बकेट म्हणतात. चिटणीस पहिल्या दिवसापासून 'बादली' म्हणतात.

इथे एक गोष्ट सांगावी लागेल. अ‍ॅप एका पत्त्यावर राहतं, पानं दुसऱ्या पत्त्यावर. एका पत्त्यावरचं अ‍ॅप दुसऱ्या पत्त्यावरचं सामान मागू लागलं की मधला ब्राउझर साठवणीला विचारतो : हा अमुक पत्ता मागतोय, देऊ का? साठवणीत त्या पत्त्याचं नाव आधी नोंदवून ठेवलेलं असेल तर तो देतो. नसेल तर सामान दारापर्यंत येऊनही मागणाऱ्याच्या हातात पडत नाही. आम्ही त्याला कॉर्स म्हणतो. नोंद करायला चार ओळी लागतात : कोणता पत्ता, काय करायची मुभा, बस्स. चिटणीस म्हणाले होते, "सगळ्यांना उघडं करून टाक ना." तसंही करता येतं, पत्त्याच्या जागी फक्त एक तारा (*) टाकायचा, मग कोणीही मागावं. मी तारा टाकला नाही. आमच्या अ‍ॅपचाच पत्ता लिहिला, फक्त वाचायची मुभा दिली, आणि अंक उघडले.

काय आठवडा गेला तो. ग्रुपवर रोज शंभर-दोनशे मेसेज. कोणाला वडलांचं चित्र सापडलं, कोणाला आईची कानवल्यांची कृती. एकानं चिटणीसांना लिहिलं, 'माझा "मी पंतप्रधान झालो तर" हा निबंध कृपया काढून टाका, नातू मोठ्यानं वाचतोय.' त्यावर बदलापूरहून उत्तर, 'राहू दे रे, तेवढं एकदाच तुला कोणी पंतप्रधान म्हणालं.' मी ऑफिसात स्क्रीनमागे तोंड लपवून हसत होतो. किती वर्षांनी इतका हसलो असेन, माहीत नाही.

त्या एका अंकात मात्र चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस यायचं. मधे दोन करड्या चौकटी.

माझ्याकडचं पान वाळवी लागेल या भीतीनं मी काही वर्षांपूर्वीच स्कॅन करून माझ्या स्वतःच्या बकेटमध्ये ठेवलं होतं. हसण्याच्या त्या आठवड्यात, एका संध्याकाळी ऑफिस सुटताना, काय वाटलं कोण जाणे, मी अ‍ॅपच्या यादीत त्या दोन चौकटींसमोर माझ्या बकेटचा पत्ता चिकटवला आणि घरी गेलो.

सकाळी ग्रुपवर गलका. '४१ वर काहीतरी गोल फिरतंय.' 'माझ्याकडे पण.' 'म्हणजे पान आहे. लोड होत नाही फक्त.' चिटणीसांचा फोन.

"अरे, ते पान आलं कुठून?"

"कोणीतरी पाठवलंय. निनावी."

"निनावी? वाडीत निनावी काय असतं? बरं, ते फिरतंय का नुसतं?"

"ब्राउझर अडवतोय."

"त्याला म्हणावं, सोड."

मला खरंच आधी कारण कळलं नव्हतं, कारण पानाचा पत्ता थेट टाकला की ते व्यवस्थित उघडायचं. मग दहा मिनिटांत कळलं. वाडीच्या बकेटमध्ये मी अ‍ॅपचं नाव नोंदवलं होतं. माझ्या बकेटमध्ये नव्हतं. चूक माझीच, साधी, विसरण्यातली. चार ओळी लिहिल्या की संपलं. किंवा पान उचलून वाडीच्या बकेटमध्ये ठेवलं की संपलं. मी दोन्ही केलं नाही. तीन आठवडे केलं नाही. विचारेल त्याला 'ब्राउझर अडवतोय' सांगत राहिलो, आणि हा शब्द इतका सोयीचा निघाला की पुढे कोणी काही विचारेना.

काकूंचाही फोन आला होता. "माझं पान आलंय म्हणे."

"हो काकू. जरा तांत्रिक अडचण आहे."

"बरं. बघते वाट. मला सवय आहे."

तीन आठवड्यांनी त्यांनीच जेवायला बोलावलं. ऑफिसच्या लंच टाइममध्ये गेलो. काकू आता पंच्याऐंशीच्या पुढे. पाठ वाकलीय, जीभ नाही. दार त्यांनीच उघडलं. "बघ, इथे किल्लीच नाही. आकडे दाबायचे. मला पाठ आहेत, जावई विसरतो. बाहेर उभा राहतो मेला आणि मला फोन करतो." हे सांगताना त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता.

लेक-जावई कामावर. मुगागाठीची आमटी, भात, तळलेला बांगडा. मी दुसऱ्यांदा भात घेतल्यावर त्यांनी टॅबलेट पुढे सरकवला. करडी चौकट, मधे गोल फिरतंय.

"आता मला नीट समजाव. हे अडवतंय कोण?"

मी समजावलं. अ‍ॅप, साठवण, मधला ब्राउझर, नावांची यादी. मला वाटलं होतं पाच मिनिटांत त्या 'असू दे' म्हणतील. त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून.

"म्हणजे हा ब्राउझर माझंच काम करतो की रे."

"तसंच म्हणा."

"नाव सांगून ठेवलंय का विचारतो, नसेल तर देत नाही."

"हो."

"मग तू त्याला का बोल लावत फिरतोस? त्यानं त्याचं काम केलं. घरवाल्यानं नाव सांगून ठेवलं नाही, तर त्यानं कशी द्यायची?" बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवत त्यांनी विचारलं, "पान कोणाच्या घरात आहे?"

मी पाणी प्यायलो.

"विचारतेय मी. कोणाच्या घरात आहे?"

"माझ्या," मी म्हणालो.

काकूंनी मान हलवली, भाजीवालीनं बरोबर भाव सांगितल्यावर हलवावी तशी. "मग हात धू आणि नाव सांग त्याला."

मी हात धुऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मी तारा कसा टाकता येतो तेही दाखवलं. "नको. सगळ्यांनाच द्यायची असती तर फळी कशाला ठेवली असती?" मग अ‍ॅपचा पत्ता लिहिला, वाचायची मुभा लिहिली, जतन केलं. टॅबलेटवर पान पुन्हा उघडलं. गोल फिरतंच राहिलं.

"आता कोण?" काकू म्हणाल्या.

पाहिलं तर जावयानं टॅबलेटवर पत्ता साठवताना पुढे ते तीन डब्ल्यू लावले होते. उघडतं तेच अ‍ॅप, पण ब्राउझरच्या लेखी तो वेगळा पत्ता. यादीत नसलेला. काकूंना सांगितलं तर त्यांनी टेबलावर थाप मारली. "बघ. मुलीचं नाव सांगितलं म्हणून जावयाला चालत नाही. त्याचं वेगळं सांगावं लागतं. हे मी तेव्हापासून सांगत होते, लोक मला हसायचे." मी दुसरा पत्ता यादीत टाकला, जुनं साठलेलं पुसलं, पान नव्यानं मागवलं.

पान आलं. आधी एक्केचाळीस, अक्षरवाल्या काकांच्या अक्षरात निळी ओढणी. काकूंनी ते बोटानं उलटलं. बेचाळीस. उजव्या कडेला सरळ कापल्याची रेघ स्कॅनमध्ये स्वच्छ दिसत होती.

काकूंनी चष्मा बदलला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या, शाळेतल्यासारखं, शब्दाशब्दावर थांबून. 'किल्ली हातात घेतली की घर कळतं. सात नंबरची नेहमी ओली, धुणं उरकून निघतात म्हणून. अकरा नंबरच्या किल्लीला चुन्याचा वास. नव्या सुनेला पहिले सहा महिने किल्ली मागायचा संकोच वाटतो. ती दारात उभी राहून माझ्या तब्येतीची चौकशी करते. मग मीच काढून देते.' शेवटची ओळ त्यांनी न बघताच म्हटली. इतकी वर्षं त्यांना ती पाठ होती. 'माझ्याकडे तेवीस घरं आहेत. मी एकाही घरात न विचारता गेले नाही.'

काकू त्या पानाकडे बघत होत्या. खूश दिसत होत्या, अगदी नव्या लुगड्यातल्यासारख्या. मग मान वळवून मला म्हणाल्या, "सुरीनं कापलंस की ब्लेडनं?"

"ब्लेडनं."

"वाटलंच. सुरीनं इतकं सरळ येत नाही."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी किल्ली तुझ्याशिवाय कोणी नेली होती? माझ्या फळीवरचं मला ठाऊक नसायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत? सगळे तुम्हाला हसले."

"पहिल्यांदा वाटलं, येशील सांगायला. मग वाटलं, लाजला असेल पोरगा, येईल हळूहळू. मग तू लाजण्यातच म्हातारा झालास." त्यांनी माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे बोट केलं. "आणि कविता तुझी आहे ना? निळी ओढणी? मेल्या, ती ओढणी तिच्या मावशीची होती. ती वाळत टाकून मावशी गावाला निघून गेली होती."

मला रडू येईल असं वाटत होतं आणि मी हसायला लागलो. आम्ही दोघं हसत होतो. ऑफिसातून दोन फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत.

संध्याकाळी ग्रुपवर पान उघडल्याची बातमी मीच टाकली. एवढीच टाकली. 'किल्ल्या' वाचून लोकांनी काय काय लिहिलं ते काकू रोज मला फोनवर वाचून दाखवतात, जणू मी त्या ग्रुपवर नाहीच. सात नंबरवाल्यांनी लिहिलंय की त्यांच्या घरात अजूनही किल्ली ओलीच असते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आता डोंबिवलीत असतात, दोन नातवंडं आहेत. त्यांनी लिहिलं, 'कविता कोणाची ते कळलं असतं तर हार्मोनियम सोडली नसती.' त्यावर त्यांच्या यजमानांनी नमस्काराची खूण टाकली, 'ज्यानं वेळेवर सांगितलं नाही त्याचा मी आभारी आहे.'

वाडीकरांचा सत्यनारायण पुढच्या महिन्यात दादरला एका हॉलमध्ये आहे. काकू 'किल्ल्या' उभं राहून वाचणार आहेत. त्यांनी एक अट घातली आहे : "एक्केचाळीस आधी येतं, बेचाळीस नंतर. माझ्या आधी तू."

चिटणीसांना अजून वाटतं की पान निनावी आलं. वाडीतल्या बऱ्याच जणांना अजून वाटतं की काकूंनी ते लाजून काढलं होतं. कपाटाची किल्ली त्यांच्या फळीवरून गेली ती माझ्यामुळे. हे लिहून काढलं म्हणून ते फिटत नाही. सगळ्या वाडीसमोर उभं राहून ती कविता वाचायची, आणि वाचून झाल्यावर पान मी कापलं, काकूंनी नाही, हे मोठ्यानं सांगायचं, एवढं माझ्याकडे बाकी आहे.